पालथ्या घमेल्याची कैफियत

मित्रांनो, मी चुडाव्याच्या मालनबाईच्या परसातलं एक जुनं घमेलं आहे. अंगभर गंज, दोन कड्यांपैकी एक गायब. माझ्याकडून गोड गोष्ट ऐकायला मिळेल, ही आशा सोडा.

उमेदीची वर्षं माझी बांधकामावर गेली. वाळू, सिमेंट, मुकादमाच्या शिव्या, सगळं वाहिलं. कडी तुटली तसं मला भिरकावून दिलं. तिथून मालनबाईच्या लेकानं, लिंबाजीनं, मला घरी आणलं. त्याची बायको चंदा गोदाकाठची. तिनं माहेराहून पाच बदकं आणली होती. तिनं मला घासलं, परसात मांडलं आणि पाण्यानं भरलं. बदकं माझ्यात मान बुडवायची, नाक-डोळे धुवायची, पाठीवर पाणी उडवायची. नुसता चिखल! पण मित्रांनो, तेवढं सुख मला कधीच मिळालं नव्हतं.

दिवाळी सरली. भरल्या दिवसांची चंदा माहेरी निघाली. जाताना बदकांकडं बघत सासूला म्हणाली, "आत्याबाई, थंडीतबी ह्यांला खोल पाणी लागतंय बरं का. डोकं बुडंल एवढं."

"जा बाई तू. जनावरं काय मला नवी हायत व्हय?" मालनबाई म्हणाली.

खोटं नव्हतं ते. तिचा सारा जन्म शेळ्यांत गेला. पण शेळीचं करडू भिजलं की गारठून मरतं, हे तिच्या हाडात बसलेलं. पौषात असा गारठा पडला की माझी कड हाताला झोंबावी. पहाटे बदकं माझ्यात शिरलेली बघून तिचा जीव खालीवर झाला. "मरतील की लेकरं माजी!" म्हणत तिनं पाणी ओतून दिलं आणि मला पालथं घातलं. बदकांना गोणपाट अंथरलं, खायला कोरडा भरडा टाकला, प्यायला बशीभर कोमट पाणी ठेवलं. त्यात नाकपुडीसुद्धा बुडत नव्हती.

मग माझ्या पाठीवर चोची वाजायला लागल्या. टक, टक, टक.

"खेळायलीत बघ," मालनबाई लिंबाजीला कौतुकानं म्हणाली.

कसलं खेळणं! भरड्यानं त्यांच्या नाकपुड्या बुजल्या, डोळे चिकटले. चौथ्या दिवशी एक बदक घास अडकून गेलं. मालनबाईला वाटलं, गारठा बाधला. तिनं बशीही दुपारपुरतीच ठेवली. दुसरं गेलं, तिसरं गेलं. ती बिचारी डोळे पुसत शेकोटी पेटवायची. मला तिचा संताप यायचा आणि कीवही यायची. चौथं माझ्या अंगाला टेकूनच गेलं. त्यानंतर टकटक एकाचीच उरली.

सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन चंदा परतली, ती थेट परसात आली.

"आत्याबाई, पाणी कुठं हाय ह्यांचं?"

"एक दिवसबी भिजू दिलं न्हाई गं," मालनबाई म्हणाली.

चंदानं लेकरू सासूच्या हातात दिलं, मला सरळ केलं, दोन कळशा ओतल्या. उरलेलं बदक चाचपडत आलं. मान बुडवली, पुन्हा बुडवली. एक डोळा उघडला. दुसरा उघडलाच नाही.

"माज्याच हातानं मारली की मी," म्हणत मालनबाई लेकरासकट बदकापाशी बसली.

मित्रांनो, नुसत्या मायेवर जीव जगत नाहीत. जे पाळाल, त्याला काय लागतं ते आधी जाणून घ्या. मुकी जनावरं सांगत असतात हो. आपण त्याला खेळ समजतो.

आता मालनबाई रोज पहाटे मला भरते. मी भरून वाहतं, पाणी तिच्या पायाखाली जातं, तरी ती ओततच राहते. एका बदकाला एवढं पाणी लागत नाही. पण तिला हे सांगायचं कुणी?