अंदाजाचा रकाना

पालकसभेत जिला बघून आईबापांचे चेहरे उतरतात ना, ती मी. शाळेच्या शेवटच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाईंची गुणवही.

बाईंनी मला दुकानातून घरी आणलं, तपकिरी कव्हर घातलं आणि चौतीस नावं लिहिली. मग सराव परीक्षांचे गुण येऊ लागले. समासात बाईंचे शेरे असत : 'घाई', 'चिन्ह खाल्लं', 'पाढे!!' मला हसू यायचं. मुलांना मात्र यायचं नाही.

त्या वर्षी साथ आली आणि शेवटची परीक्षाच रद्द झाली. वरून पत्र आलं : प्रत्येकाला किती गुण पडले असते, त्याचा अंदाज कळवा. शिवाय वर्गात क्रम लावा. एका क्रमावर दोघं नकोत.

बाईंनी माझ्यात नवा रकाना आखला आणि डोक्याला हात लावून बसल्या.

वरची मुलं सोपी होती, खालचीही. अडलं मधल्या दोघांपाशी. एक शिंपीणबाईंची मुलगी. वर्ग तिला 'गोगलगाय' म्हणायचा. सरावात तिला एक्केचाळीस, सत्तेचाळीस, चोपन्न. नर्सिंगला जायला पंचावन्न हवे होते. दुसरा बाईंचा सख्खा भाचा. बासष्ट, अठ्ठावन्न, चोपन्न. हुशार, पण अंग चोरणारा.

बाईंनी आधी भाच्यापुढे साठ लिहिले, मुलीपुढे पन्नास. मग माझी मागची पानं उलटली. मुलीच्या नावापुढे तिन्ही वेळा एकच शेरा होता : 'वेळ पुरला नाही. लिहिलं ते सगळं बरोबर.'

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"दया येते म्हणून गुण वाढवायचे का, बाई?" सरांनी विचारलं.

"दया नाही, सर. दर परीक्षेला तिचा वेग वाढलाय. ही बघा ना वही."

"मग क्रमात एकाला खाली ढकलावं लागेल. कुणाला?"

बाईंनी माझ्यातल्या एका नावावर बोट ठेवलं. "माझ्या भाच्याला," त्या म्हणाल्या. "साठ मी मावशी म्हणून लिहिले होते."

तिथेच खोडरबर फिरला. मुलीला सत्तावन्न, भाच्याला त्रेपन्न. माझं पान इतकं झिजलं, की त्यातून पलीकडचं अक्षर दिसू लागलं.

निकाल लागला आणि बहिणीचा फोन आला. "सख्ख्या मावशीने केसाने गळा कापला!" मग फोनही बंद झाले. बाई शाळेत हसऱ्या असत. घरी मला उघडून त्या त्रेपन्नाकडे बघत बसत.

अंदाज मान्य नसलेल्यांसाठी तीन महिन्यांनी लेखी परीक्षा ठेवली होती. भाचा इरेला पेटला आणि परीक्षेला बसला. निकाल घेऊन तो थेट बाईंच्या स्वयंपाकघरात आला.

"मावशी, एकाहत्तर! तुझा अंदाज साफ चुकला."

बाईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. "चुकले रे बाळा. इतका आनंद मला कधी बरोबर येऊनही झाला नव्हता." त्याला जवळ घेऊन त्या रडल्या. "आईला सांग, जेवायला या सगळे."

मुलीचं काय? ती नर्सिंगला गेली. तिने परीक्षा दिलीच नाही, त्यामुळे ते सत्तावन्न खरे होते की नाही, हे कुणालाच कळलं नाही. बाईंनाही नाही. एकदा दवाखान्यात त्यांना ती भेटली. इंजेक्शन द्यायला जरा वेळ लावला म्हणे, पण दुखलं अजिबात नाही.

आता बाई निवृत्त झाल्यात आणि मी त्यांच्या कपाटात, जुन्या शब्दकोशांच्या शेजारी आहे. माझा शिवणीचा दोरा सुटत चाललाय. मुलांनो, तुमच्या नावापुढे कधी कुणी अंदाजाने आकडा लिहिला, तर खुशाल रागवा, भांडा, तो खोटा पाडून दाखवा. फक्त एवढं ध्यानात ठेवा : तो लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. मी पाहिलंय.