तांब्याचा पाइप

बाळांनो, जरा कल्पना करा. घराच्या मागे एक लांबट खोली आहे. भिंतीवर पकडी नि हातोड्या टांगलेल्या आहेत, मधोमध लोखंडी टेबल आहे आणि टेबलाशेजारी माणसाच्या उंचीची दोन सिलिंडरं साखळीने बांधून उभी केली आहेत. एकात ऑक्सिजन, दुसऱ्यात ॲसिटिलीन. दोन्ही गॅस एकत्र पेटवले की अशी निळी ज्योत निघते, की तिच्यापुढे लोखंड मेणासारखं वितळतं.

त्या खोलीत एक वेल्डर काम करत असे. त्याच्या मुलीला सगळे ठिणगी म्हणत. कुठे पडेल आणि काय पेटवेल याचा नेम नाही म्हणून.

गॅसची सिलिंडरं आगीशेजारी असू नयेत, हे तर तुम्हालाही पटेल. म्हणून वडिलांनी ठरवलं की सिलिंडरं बाहेर, मागच्या भिंतीशी जाळीत ठेवायची आणि पाइपातून गॅस आत टेबलापर्यंत आणायचा. बेत चांगलाच होता. आणि तो कानावर गेल्यावर मोठे काका आपण होऊन आले.

काका येणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान. वडील आधी तिथेच काम करायचे. ते सोडून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. ठिणगीला कळायला लागल्यापासून काका त्यांच्या दारावरून मान वळवून जात. तेच काका आता खांद्यावर तांब्याच्या पाइपाचं वेटोळं घेऊन दारात उभे होते.

"तुझ्या हातून वाकडंतिकडं होईल," ते म्हणाले. "बाजूला हो. पाइप टाकावा तर मी."

आणि खरंच, काय टाकला त्यांनी! दोन पाइप, एकमेकांना समांतर, भिंतीच्या कडेकडेने रुळांसारखे आले. वळणावर कुठे चिमटा नाही, जोडावर डाग दिलेला दिसू नये इतका साफ. मग हवा भरून त्यांनी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही.

"फ्रिजमध्ये माझा पाइप कधी गळला नाही," काका म्हणाले. "इथंही गळणार नाही."

"दादा, तुझ्या हातात जादू आहे," वडील म्हणाले.

ठिणगीने मात्र वडिलांना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"बाबा, ऑक्सिजनचा ठीक आहे. पण ॲसिटिलीनला तांबं चालत नाही ना?"

वडिलांनी आधी मागे पाहिलं. "हळू बोल. त्याच्या मनाला लागेल."

"मग उद्या त्यातूनच गॅस सोडणार?"

"बघू पुढं. सवडीनं बदलू."

चहासाठी दोघे भाऊ घरात गेले. किती वर्षांनी त्या घरात दोघांचं हसणं एकत्र ऐकू येत होतं. ठिणगी ते ऐकत थोडा वेळ तशीच उभी राहिली. सिलिंडरं अजून पाइपाला जोडलेली नव्हती, हे तिने बाहेर जाऊन नीट पाहून घेतलं. मग लोखंड कापायची करवत उचलली आणि ॲसिटिलीनचा पाइप मधोमध कापून टाकला.

काका परत आले आणि उंबऱ्यातच थबकले. "हे काय?"

वडिलांनी करवतीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. आता तरी बोलतील, असं ठिणगीला वाटलं.

"पोरीचा खोडसाळपणा," वडील म्हणाले. "मनावर घेऊ नकोस दादा. चांगली कानउघाडणी करतो तिची."

काकांनी वाकून काप पाहिला. "एक जोड टाकून देतो, त्यात काय. पण हात बापाचा घेतलाय हिनं. बघ कसा सरळ कापलाय."

दोघेही हसले. ते हसणं ठिणगीला झोंबलं.

"ॲसिटिलीन तांब्यात चालत नाही," ती म्हणाली. "आतून थर धरतो. तो वाळला की नुसत्या धक्क्यानं त्याचा स्फोट होतो."

"कुणी सांगितलं तुला?"

ती वडिलांकडेच बघत होती. "बाबांनी. गॅसचं शिकवताना सगळ्यात आधी."

काका सावकाश भावाकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"अरे दादा, तू इतक्या हौसेनं..."

"विचारलं तेवढं सांग."

"हो."

"मी इथं पालथा पडून पाइप टाकत होतो आणि तू वर तोंड करून माझी वाहवा करत होतास. उद्या हे टेबल तुझ्यासकट उडालं असतं तर लोक काय म्हणाले असते? भावानं डाव साधला, हेच ना?"

"बोललो असतो तर तू निघून गेला असतास."

"गेलो असतो. घरी जाऊन फणफणलो असतो आणि सकाळी लोखंडी पाइप घेऊन आलो असतो. एवढंही ओळखलं नाहीस तू मला." काकांनी हत्यारं पिशवीत टाकली. "आता मात्र येत नाही."

फाटक वाजलं. वडील स्टुलावर बसून राहिले.

"झालं तुझ्या मनासारखं?" ते लेकीला म्हणाले. "एवढ्या वर्षांनी दारात आला होता तो."

ठिणगी कापलेल्या पाइपापाशी गेली.

"उरलाय तो पाइप राहू दे भिंतीवर," वडील म्हणाले. "जोडून घेईन मी. त्याच्या हातचा आहे."

ठिणगीने बाहीने डोळे पुसले, करवत उचलली आणि त्याच पाइपाच्या पुढच्या वळणावर चालवायला सुरुवात केली.