बाईंची मोठी पेटी

मी पियानो बोलतोय. पण भोरात हे नाव कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. इथं मी ‘बाईंची मोठी पेटी’. सुरुवातीला फार राग यायचा. सातासमुद्रापलीकडून आलेला मी, आणि मला पेटी म्हणतात! आता सवय झाली.

१९२६ साली मला पुण्याहून बैलगाडीतून आणलं. शिवऱ्यापाशी चाक खड्ड्यात गेलं, माझ्या पोटातल्या तारा एकदम खणखणल्या आणि बैल उधळले. गाडीवान कोंडिबा लांब उभा राहून म्हणाला, “आत जित्तं काय हाय, त्ये आदी सांगा!” माझे मालक केशवराव, संस्थानातले इंजिनिअर, हसून हसून बेजार झाले.

मला घेतलं होतं त्यांच्या लेकीसाठी. सौदामिनीबाई मुंबईत एका गोव्याच्या मास्तरांकडे शिकल्या होत्या. दिवसाचे सहा-सहा तास माझ्यासमोर बसायच्या. मुंबईत, पुण्यात त्यांच्या मैफली झाल्या. भोरातले लोक मात्र म्हणायचे, “एवढं शिकली, पण एक आरती धड वाजवत नाही.” बाई वरवर हसायच्या. त्यांना ते लागायचं, हे मला बोटांच्या वजनावरून कळायचं.

म्हणून १९३८च्या दसऱ्याला त्यांनी घरीच मैफल ठेवली. सारं गाव येणार होतं, आणि मुंबईचे एक गृहस्थही. हिवाळ्यात शहरोशहरी मैफली व्हायच्या होत्या. त्यासाठी वादक निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. बाईंच्या डोक्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरात कामाला भोंगवलीच्या अंबूबाई होत्या. त्यांनी विळी पुजली, पहार पुजली, केशवरावांची मोजणीची साखळी पुजली आणि मग माझ्याकडे वळल्या. बाई देवळात गेल्या होत्या. “बाईंचं हत्यार ह्ये! न्हाऊ घातल्याबिगर पूजा कशी व्हायाची?” असं म्हणून त्यांनी माझं झाकण उघडलं आणि तांब्याभर दूध-पाणी पट्ट्यांवर ओतलं. वर हळदीकुंकू. मी ओरडणार तरी कसा? मला दाबल्याशिवाय आवाज फुटत नाही.

बाई आल्या तेव्हा अंबूबाई झेंडूचा हार घालून कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण तोंडून एवढंच आलं, “छान दिसतोय हार.”

मग दिवसभर उन्हात वाळवून, पुसून चिकटलेल्या बाकीच्या पट्ट्या मोकळ्या झाल्या. मधल्या सप्तकातली पांढरी एक मात्र मुकी झाली, आणि मैफलीत वाजवायचं गाणं तर तिच्याभोवतीच फिरायचं. दसऱ्याच्या सकाळी बाईंनी सगळं वादन दुसऱ्या सुरावर नेलं, म्हणजे ती पट्टी लागायलाच नको. ज्याला यातलं कळतं त्याला नुसतं ऐकून घाम फुटेल. मैफलीत त्या दोनदा अडखळल्या. मी काय करणार होतो?

शेवटी मुंबईच्या गृहस्थांनी विचारलं, “पियानोला काही झालंय का?”

अंबूबाई दारातच पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. “नाही. चूक माझीच.”

निवड दुसऱ्या कुणाची तरी झाली. मला अंबूबाईंचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू?

पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्ती करणारा आला. “दूध सांडलंय यात. नवा भाग विलायतेतून मागवावा लागेल.” बाई पटकन म्हणाल्या, “माझ्याच हातून सांडलं.” माजघरामागच्या मोरीत अंबूबाईंचा भांडी घासण्याचा आवाज थांबला. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं, माझं होतं.

भाग निघण्याआधीच लढाई पेटली. बाईंनी शिकवण्या सुरू केल्या. मुकी पट्टी आली की तो सूर मुलींनी तोंडानं लावायचा, असा त्यांचा नियम. नलू नावाची पोर इतक्या जोरात लावायची की माजघरातून अंबूबाईही तिच्यात सूर मिसळायच्या. पुढे दर खंडेनवमीला अंबूबाईंनी मला फक्त कोरडं फूल वाहिलं, आणि कुणी नसलं की म्हणायच्या, “म्या केलं रं बाबा. बाईंनी अंगावर घेतलं. आता म्या बोलले तर त्यांचं खोटं उघडं पडंल.”

१९४६ साली भाग आला. पट्टी बसली. बाईंची बोटं तोवर आखडली होती. त्यांनी माजघराकडे हाक मारली, “अंबूबाई, पहिल्यांदा तुम्ही दाबा.”

अंबूबाई आल्या. पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. मग दोन्ही तळवे उजेडात धरून बघितले आणि तिसऱ्यांदा पुसले.

बाई बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

“कोरडे आहेत हो,” त्या हळूच म्हणाल्या.

“असूं द्या बाई. येकदा चुकलं माज्या हातनं.”

अंबूबाईंनी पट्टी दाबली. आठ वर्षांनी माझा तो सूर लागला, आणि शेजारी बसलेल्या नलूनंही सवयीनं तो तोंडानं लावला.

आता मी म्हातारा झालोय, तारा उतरल्यात. माझं एकच मागणं आहे. मला कधी झेंडू वाहावासा वाटला तर जरूर वाहा, पण आधी हात पुसा.