तीन गुणांची राख

हंगामाच्या मध्यावर शर्यती थांबतात, गाड्या उघडून दुरुस्तीला घेतात, त्या सुट्टीतली ही गोष्ट. ट्रॅकमागच्या सगळ्यात मोठ्या गॅरेजात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मेकॅनिक टायरच्या थप्प्यांवर चढले होते. एरवी नुसत्या आवाजावरून इंजिनातला बिघाड सांगणारी ही माणसं श्वास रोखून एका माणसाच्या थरथरत्या हातांकडे बघत होती.

तो माणूस म्हणजे चाकबाबा. फोल्डिंगच्या चकचकीत खुर्चीवर बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, समोर चिनीमातीची वाटी, बाजूला एक चेला.

माझी ओळख करून द्यायची तर मी दरवर्षी याच सुट्टीत पेपरात सहाही संघांना दहापैकी गुण देतो. कोणी काय कमावलं, काय घालवलं, कोणाचे ब्रेक तापतात, कोणाची माणसं चाक बदलायला वेळ लावतात, सगळं मांडून. ट्रॅकवर मला मार्कमास्तर म्हणतात. पाठीमागे म्हणताना आधी एक शब्द जोडतात, तो इथे छापता येणार नाही. यंदा मात्र माझं दुकान बसलं होतं. मी कारणं द्यायचो. बाबा राख देत होते.

पद्धत अशी. प्रत्येक संघाने आपल्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाचा नट आणायचा. या गाड्यांचं चाक एकाच नटावर असतं, मुठीत मावेल एवढ्या. चेला तो घासून साफ करी, त्याला तो ‘पाप मोकळं करणं’ म्हणे. मग बाबा वाटीत बोट बुडवून ते नटाच्या आतून फिरवीत, नट मालकाच्या मुठीत देत आणि मूठ मिटायला सांगत.

“चाक म्हणजे काळ,” बाबा बोलत होते. “काळ अर्धा फिरला. अर्ध्या काळाचं पाप कुठे साठलं? नटात. इंजिन खोटं बोलेल. चालवणारा खोटं बोलेल. मार्कमास्तर तर पगार घेऊन खोटं बोलेल. नट बोलणार नाही.”

लोक हसले. मीही हसलो, नाहीतर रागावला म्हणाले असते.

पहिल्या तीन मालकांच्या मुठी उघडल्या तेव्हा नट होते तसेच होते. “आठ,” बाबा म्हणाले. “साडेसात.” “सहा.” हेच आकडे माझे. माझा लेख आदल्या दिवशी छापून आला होता. मी शेजारच्या टायरवाल्याला तसं म्हटलं.

तो म्हणाला, “बघा, म्हणजे यंदा तुमचेही बरोबर आले.”

चौथा पुढे झाला तो गाड्यांच्या सुट्या भागांचा दुकानदार. सगळे त्याला मालक म्हणत. भाऊ गेल्यावर पुतणीला त्यानेच वाढवलं, तिच्या हट्टापायी संघ काढला, आणि ती ट्रॅकवर असली की हा पाणीसुद्धा पीत नाही. पुतणी त्याच्या मागेच उभी होती.

“काका, माझ्या ब्रेकला काय झालंय ते नटाला कसं कळणार?”

“गप्प बस गं जरा.”

चेल्याने नट घासला, चांगला कचाकचा घासला. बाबांनी बोट फिरवलं. मालकाने मूठ मिटली. थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर घाम आला.

“गरम होतंय, बाबा.”

“होऊ दे.”

“भाजतंय.”

“उघड.”

नटाला बुरशीसारखी पांढुरकी राख फुटली होती, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती वर येत होती, कोणीतरी आतून ढकलत असल्यासारखी. गॅरेजात पंखा फिरतोय हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

“तीन,” बाबा म्हणाले. “उरलेल्या हंगामात एक चाक वाट सोडेल.”

कोणाचं चाक, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी पुतणीकडे पाहिलं, आणि पाहिलंय हे तिला कळू नये म्हणून लगेच दुसरीकडे पाहिलं. पुढच्या दोन मुठींतूनही राख निघाली, पण त्याकडे मालकाचं लक्ष नव्हतं. तो बाबांच्या कानाशी वाकला होता. बाबा बराच वेळ काहीतरी सांगत होते आणि तो मान हलवत होता.

ट्रॅकच्या डॉक्टरबाई माझ्या शेजारी होत्या. अख्खं गॅरेज राखेकडे बघत होतं. त्या बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या.

“हिरड्या पाहिल्यात त्यांच्या?” त्या म्हणाल्या. “सुजून काळवंडल्यात. आणि हात तर थांबतच नाहीत.”

“अंगात शक्ती खेळते म्हणतात.”

“खेळत असेल. पण असा पेशंट माझ्याकडे आला तर मी आधी विचारते, बाबा रे, तू कुठल्या कारखान्यात काम करतोस?”

त्या नाडी बघायला पुढे गेल्या. चेल्याने अडवलं. बाबा म्हणाले, “बाळा, ज्या नाडीवर चाकं फिरतात ती तू काय मोजणार?” लोक पुन्हा हसले. गॅरेज सोडताना डॉक्टरबाईंनी मला एवढंच विचारलं, “हे नट कशाचे असतात हो?”

“अ‍ॅल्युमिनियमचे. वजन वाचतं.”

त्या एकदा वाटीकडे वळून बघून निघून गेल्या.

सुट्टी संपली. पंधरवड्याने सरावाचा पहिला दिवस आला. आभाळ ढगाळ होतं, वारा नव्हता, पेट्रोलचा वास जागच्या जागी साचला होता. मालकाच्या गाळ्यात चाकबाबा त्याच खुर्चीवर बसले होते. राख निघालेल्या तिन्ही संघांनी त्यांना रक्षणासाठी ठेवून घेतलं होतं. पुतणी गाडीत बसली, हेल्मेटची काच खाली केली आणि निघाली. गाडी माझ्यासमोरून वळली तेव्हा डाव्या पुढच्या चाकाच्या मधोमध मला लाल ठिपका दिसला. बाकीची तीन चाकं साधी होती.

“ते लाल काय लावलंय?” मी त्यांच्या हेडमेकॅनिकला विचारलं.

त्याने आधी मालकाकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, “राखेचा नट आहे तो. ज्याने पाप सांगितलं तोच पाप वाहून नेणार, असं बाबांनी सांगितलंय. राख पुसून वरून रंग दिलाय. कोणाला सांगितलं तर गुण जातो म्हणे. मी म्हटलं मालकांना, आतले आटे खरखरीत लागतायत. म्हणाले, तू आटे बघ, मी पोरगी बघतो.”

डॉक्टरबाई माझ्या मागेच होत्या. त्यांचा चेहरा असा उतरला की हेडमेकॅनिकने नकळत त्यांच्याकडे स्टूल सरकवलं. त्या बसल्या नाहीत. वायरलेस काढून त्यांनी नियंत्रण कक्षाला सराव थांबवायला सांगितलं. पलीकडून साहेबांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, बाबांच्या कामात आम्ही पडत नाही. मालकाला सांगा, तो बोलावेल गाडी.”

या छोट्या गाड्यांना वायरलेस नसतो. गाडी बोलवायची तर कठड्यावरून फळा दाखवायचा, आणि फळा मालकाच्या हातात होता.

“मालक, तिला आत घ्या. तो नट कुजलाय.”

“बाई, आज नको.”

बाबांनी डोळे उघडले. “मध्येच उतरवशील, तर नटातलं सगळं तिच्या अंगावर जाईल. मग मला विचारू नकोस.”

मालकाने फळा छातीशी धरला. गाडी समोरून गेली. टायर तापायला दोन फेऱ्या हळू घ्यायच्या असतात. त्यातली ही पहिली.

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. खिशातून रबरी हातमोजे काढून चढवले, चेल्याच्या मांडीवरची वाटी उचलली. तो हात पुढे करून उठला, तर हेडमेकॅनिकने त्याला खांद्याला धरून परत बसवलं. बाईंनी जवळचा पॉलिशपेपर घेऊन बाबांच्या खुर्चीचा दांडा घासला, वाटीत बोट बुडवून त्यावर फिरवलं, आणि बाजूला उभ्या राहिल्या.

“हे काय चाललंय?” बाबा म्हणाले.

“तुमच्या खुर्चीला गुण देतेय.”

दुसरी फेरी. गाडी गेली. लाल ठिपका आता वेगामुळे नीट दिसतही नव्हता.

“मालक, इथे बघा,” मी म्हटलं.

दांड्यावर, बाबांच्या कोपराशी, पांढुरका पट्टा उठला होता. बघता बघता त्याला केसांसारखे तंतू फुटले आणि ते गळून बाबांच्या बाहीवर पडले. बाबांनी चटका बसावा तसा हात काढून घेतला.

“खुर्चीने काय पाप केलं हो, बाबा?” हेडमेकॅनिक म्हणाला. कोणी हसलं नाही.

मालक त्या राखेकडे बघत राहिला. माणसाने एखादं चुकीचं मनापासून मानलेलं असेल तर ते एका झटक्यात सुटतं असं नाही. त्याचे ओठ हलत होते, कदाचित तो बाबांचीच माफी मागत होता. पण पाय कठड्याकडे धावले. गाडी वळणातून जोरात बाहेर येत होती तेव्हा त्याने अर्धं शरीर बाहेर काढून फळा दोन्ही हातांनी धरला.

ती थांबेल की नाही हे कळायला अख्खी एक फेरी गेली.

गाडी आत आली. पुतणी काच वर करून ओरडली, “आत्ता कुठे टायर तापले होते, काका!” हेडमेकॅनिकने तिला उतरवलं, चाकाला मशीन लावलं. नट नेहमीसारखा फिरून सुटला नाही. कोरड्या पावासारखा तुटला. अर्धा मशीनमध्ये राहिला, अर्धा त्याच्या तळहातावर. आटे भुरभुरत खाली पडत होते.

मग डॉक्टरबाईंनी सगळ्यांना सांगितलं. वाटीत पाणी नव्हतं, पाऱ्याचा क्षार विरघळवलेलं विष होतं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेमुळे एक पातळ कवच धरलेलं असतं, तेच त्याला सांभाळतं. खुर्चीचा दांडाही त्याच धातूचा. चेला ते खरवडून काढी, बाबा बोट फिरवत, आणि पारा ते कवच पुन्हा धरू देत नसे. मग धातूचं हवेतच भस्म होत जातं, जाळाशिवाय. म्हणून चटका, म्हणून राख. वर पुसलं तरी पारा आत शिरून धातू पोखरत राहतो. आठ गुणांच्या नटाला चेल्याने नुसतं फडकं लावलं होतं आणि बाबांचं बोट वाटीच्या वरच फिरलं होतं. उरली शक्ती. तर ती पाऱ्याची बाधा होती.

“तुम्हाला हॉस्पिटलात यावं लागेल,” त्या बाबांना म्हणाल्या. “मूत्रपिंडं तपासावी लागतील. हे तुम्हाला मारतंय.”

बाबा उठले. क्षणभर वाटलं, ते ऐकतील. पण गाळ्याबाहेर त्यांचे भक्त वाट बघत होते, त्यांच्याकडे पाहून त्यांनी थरथरता हात वर केला आणि लोक वाकले. ते त्या गर्दीतूनच निघून गेले. दुसऱ्या ट्रॅकवर त्यांची पत्रकं लागल्याचं परवा कळलं. बाकीचे दोन नट त्याच दुपारी उतरवले. त्यातल्या एका संघाचा मालक नट उतरवताना रडत होता, कोप होईल म्हणून.

पुतणी बराच वेळ कठड्यावर बसून होती. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाली, “तुम्हीही तीनच दिलेत मला. का?”

“कारणं लेखात होती. काकांनी ती कधी विचारली नाहीत.”

“मी विचारतेय.”

मी सांगितलं. तिसऱ्या वळणाला ती ब्रेक फार आधी दाबते, म्हणून ते तापतात. तिची माणसं चाक बदलायला इतरांच्या दुप्पट वेळ घेतात. पावसातल्या दोन शर्यतींत टायर चुकीचे निवडले.

“आणि हे खोटं असेल तर?”

“तर घड्याळ लावून बघ. चुकलो असेन तर पुढच्या लेखात तसं छापेन.”

“चला, लावू,” ती म्हणाली, आणि हेडमेकॅनिकला हाक मारली.

वाचकहो, गुण मीही देतो आणि चुकतोही. म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नका. जो कोणी तुमच्याबद्दल, तुमच्या लेकराबद्दल, तुमच्या उद्याबद्दल छातीठोक आकडा सांगेल, त्याला का ते विचारा, आणि ताडून बघू द्या म्हणा. ज्याला राग येईल त्याच्या हाती आपल्या गाडीचं एकही चाक देऊ नका.