एका फुटाला एक बोट

इरप्पाची धाकटी लेक श्रीदेवी उदगीरला दिली, ते साल १९९७. वैशाखातलं लग्न. रुखवतात लोकांनी भांड्यांपेक्षा इरप्पानं केलेली पत्र्याची बैलगाडीच जास्त बघितली. तिची चाकं फिरायची, जू वरखाली व्हायचं. त्या गर्दीत काठी टेकत बाबूलाल ड्रायव्हर आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पाय आखूड. त्यानं गाडीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "इरप्पा, मेरेकू लॉरी बनाके दे. आपली. रेल्वेची."

इरप्पाच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. "करतो की, उस्ताद," तो म्हणाला.

त्यांच्या राजेश्वर गावाला रेल्वे नव्हती. भालकीच्या स्टेशनात उतरलेला माल रेल्वेच्या ठेकेदाराची लॉरी गावात आणून द्यायची. बाबूलाल चालवायचा, इरप्पा क्लीनर, आणि हमाल काशप्पा वर मालावर बसायचा. १९६१ च्या फाल्गुनात अवकाळी पावसानं झोडपलं. गावाअलीकडच्या उतारावर, वळणाला माल सरकला आणि लॉरी कलंडली. काशप्पा कापडाच्या गाठींखाली जागीच गेला. बाबूलालचा पाय मोडला. ड्रायव्हरनं वळण जोरात घेतलं, असं चौकशीत ठरलं. त्यानंतर त्याला कुणी गाडी दिली नाही. काशप्पाची बायको चंद्रम्मा याच गावात राहायची. छत्तीस वर्षं बाबूलाल समोरून आला की ती पदर पुढं ओढून वाट बदलायची.

खरं काय झालं ते एकट्या इरप्पाला ठाऊक होतं. ते त्यानं बायकोला, पद्माबाईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

माप बाबूलालनंच ठरवलं, एका फुटाला एक बोट. अठरा फुटांची लॉरी, म्हणून अठरा बोटं. बोनेटला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा लागला. पुढच्या काचेला धुतलेली एक्स-रेची फिल्म. मागच्या फाळक्याला श्रीदेवीच्या तुटक्या पैंजणाची साखळी. चाकांना रबर हवं होतं.

"माझी चप्पल कामून कापलाव?" पद्माबाई कडाडली.

"एकच कापली."

"मंग दुसरी घालून लंगडत फिरू व्हय, तुमच्या उस्तादावानी?"

दर चार दिवसांनी इरप्पा लॉरी बाबूलालच्या ओसरीवर न्यायचा. बाबूलाल डोळे मिटून ती चाचपायचा. गियरचा दांडा वाकडा हवा, तो सरळ झाला म्हणून एकदा परत पाठवली. एकदा म्हणाला, "हॉर्न किदर है रे? बिना हॉर्नची लॉरी म्हणजे बिना दाताची सासू." हसता हसता त्याला दमा लागला आणि तो बराच वेळ भिंतीला टेकून बसला. श्वास आल्यावर त्यानं इरप्पाचं मनगट धरलं.

"अब माल लाद. त्या दिवशी होता तस्साच. दोरी बांध. डॉक्टर बोल्या, दिवस थोडे हैं. मेरेकू हाथ से देखना है, मैं किदर चुक्या."

इरप्पा घरी आला, तो जेवला नाही.

कापडाच्या गाठी सोप्या होत्या. खादीच्या चिंधीत वाळू भरून त्यानं बारा गाठी शिवल्या. अडलं ते दोरीवर. लॉरीची अंबाडीची दोरी त्यानं अपघाताच्या आदल्या दिवशी घरी नेली होती, कारण आडाचा दोर तुटला होता. तिच्या जागी त्यानं घरची लोकरीची दोरी बांधली. आजानं वळलेली. धनगराच्या पोराला त्या दोरीचा गर्व होता. मेंढवाड्यात ती पिढ्यान्‌पिढ्या कधी तुटली नव्हती. बाबूलाल तेव्हा स्टेशनात कागदावर सह्या करत होता, त्यानं बघितलं नाही. पण लोकर भिजली की ताणते. मेंढरांच्या जाळीला तेवढं ताणलेलं चालतं, कापडाच्या गाठींना चालत नाही.

चौकशीच्या साहेबानं विचारलं होतं, "दोरी तुटली होती का?"

"न्हाई, साहेब."

बोलला ते खरंच होतं. अखंड दोरी बघून साहेबानं मान हलवली आणि दोष बाबूलालच्या अंगावर गेला. बाबूलाल तेव्हा दवाखान्यात होता.

आता इरप्पानं आधी सुतळी उकलून बारीक दोरी वळली. बांधली. सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं घोंगडीची कड उसवली आणि चार धागे ओढले.

"चांगल्या घोंगडीचा कामून नास करायलाव?" पद्माबाईनं विचारलं.

"लागतंय," तो म्हणाला.

बाबूलाल ओसरीवर वाट बघत होता. इरप्पानं लॉरी त्याच्या मांडीवरच्या फळीवर ठेवली. बोटं बोनेटवरून निघाली. दार, पायरी, फाळका. मग गाठींवर चढली, एक एक मोजत. मग दोरीवर आली. तिथं थांबली.

"ये लोकर है."

"व्हय, उस्ताद."

"घरात सुतळी नव्हती?"

"होती."

रस्त्यावरून सायकल गेली, तिची घंटी लांब जाईस्तोवर ऐकू आली. मग बाबूलाल म्हणाला, "पानी दे."

त्यानं ओंजळभर पाणी दोरीवर ओतलं. अंगठ्यानं दोरी चोळत राहिला. इरप्पाला वाटलं, ताणू नये, एवढ्या एकदा ताणू नये. बाबूलालनं फळी हळूच तिरपी केली. वळणाला होती तेवढीच. गाठी सरकल्या, एका अंगाला गेल्या आणि लॉरी त्याच्या मांडीवर आडवी झाली.

"दोरी तुटली?" बाबूलालनं विचारलं.

"न्हाई. ताणली. मी बांधली होती."

बाबूलालचा हात काठीवर गेला. इरप्पानं मान खाली घातली. काठी उठली नाही.

"दुसऱ्या गियरमें था मैं, धीमा," बाबूलाल म्हणाला. "छत्तीस साल स्वतःलाच इचारतोय, दुसरा होता का तिसरा. दुसराच था."

इरप्पा पाया पडायला वाकला.

"पाँव कू हाथ नक्को लगा. चंद्रम्माकडं जा. लॉरी घेऊन जा. दोरी ओली है, तवर जा."

चंद्रम्मा अंगणात सुपात ज्वारी निवडत होती. इरप्पानं लॉरी तिच्यापुढं ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. आडाचा दोर, लोकरीची दोरी, साहेबाचा प्रश्न. सांगून झालं तसं तिनं एका बोटानं गाठी वर लोटल्या. त्या परत घसरल्या.

"हे पोटात ठेवून छत्तीस वर्सं जेवलास व्हय रे?"

"व्हय, अक्का."

"माझ्या तोंडून त्या माणसाला किती शिव्याशाप गेले, मोजलास का?"

चंद्रम्मानं सूप परत उचललं.

"नीघ इथनं."

तो वळला. मागं सूप ठेवल्याचा आवाज आला. चंद्रम्मा लॉरी उचलून त्याच्या अंगावरून पुढं गेली. तिनं नेहमीसारखी वाट बदलली नाही. सरळ बाबूलालच्या गल्लीत शिरली. इरप्पा कोपऱ्यावर थांबला. ती ओसरीच्या पायरीवर बसलेली दिसली, बाबूलालनं हात जोडलेले दिसले, तिनं ते हात धरून खाली केलेले दिसले. बोलणं ऐकू आलं नाही. इरप्पाशी ती पुढं कधीच बोलली नाही.

त्याच साली, १९९७ ला, दिवाळीनंतर नवव्या दिवशी बाबूलाल ड्रायव्हर दम्यानं वारला.