दोऱ्यापुढचं पान

तांबडा दोरा… म्हणजे एके काळी तांबडा. आता बोटांच्या मळानं आणि खाऱ्या हवेनं विटलेला, टोकाशी गाठ मारलेला, गोजराच्या वाचनाच्या पुस्तकातून बाहेर लोंबणारा — मालतीबाई तो बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. दारात गोजराचा बाप गोटीराम उभा होता. उत्तर घेतल्याशिवाय हा गडी हलायचा नाही, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"बाई, मना खरं सांगा. पोर पुढं जाते का नाय? जात नसल त उद्यापासून मिठागराव नेतो. तिकरं मानसां कमी हान."

"बसा, गोटीराम."

तो बसला नाही. शाळेच्या जमिनीवर बसायला त्याला संकोच वाटत असावा, किंवा एकदा बसलो की बाई आपल्याला गुंडाळतील अशी धास्ती. गोजरा भिंतीला पाठ लावून, परकराचा काठ चावत दोघांकडे बघत होती; बाकीची पोरं पाट्या गिरवत होती.

दुसरीतल्या प्रत्येक पोराच्या पुस्तकात असा दोरा होता. बाईंनीच शिवणाच्या डब्यातले उरलेसुरले दोरे कापून तो प्रघात पाडला होता — पोरानं धडा मोठ्यानं वाचायचा, बाईंचं समाधान झालं की बाई आपल्या हातानं दोरा पुढच्या धड्यात ठेवणार. पोरांनी हात लावायचा नाही. कोण कुठवर वाचतं, हे एका नजरेत दिसायचं. शाळेवरची लोकल बोर्डाची पाटी उतरून जिल्हा परिषदेची चढली, त्या सुमाराला तपासणीला आलेल्या साहेबांनी या दोऱ्यांचं केवढं कौतुक केलं होतं! जासईसारख्या गावात हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणाले. बाईंनाही तेव्हा बरं वाटलं होतं.

गोजरा मागे आहे, सांगून टाकावं. लपवून काय उपयोग? दिवाळीपासून म्हशीच्या धड्यावर अडली आहे, रेवा हरवलेली म्हैस शोधत तळ्याकाठी येते त्या पानावर. आज सकाळीही वाचला तिनं, पण श्वास चुकीच्या जागी घेतला, म्हणून बाईंनी दोरा हलवला नव्हता. वाचन म्हणजे काही खायचं काम नाही; पाया पक्का हवा. बापाला नुसतं बोलून पटायचं नाही, तर बाकीची पोरं कुठे पोचली ते दाखवावं, म्हणून त्यांनी टेबलावरची पुस्तकं जवळ ओढली.

बायजाचं उघडलं. म्हशीचा धडा.

बरोबर आहे, बायजा मध्ये आजारी होती… धर्माचं उघडलं. म्हशीचा धडा. पण धर्मा तर — धर्मा घडाघडा वाचतो, घरी आजीला आरत्या वाचून दाखवतो, त्याला का थांबवलं होतं? आवाज फार चढवतोस, म्हणून. आणि हा कान्हा? बोट ठेवून वाचतोस, म्हणून. मग त्यांनी पुढची पुस्तकं उघडलीच नाहीत, नुसता गठ्ठा उभा धरला. सगळे दोरे एकाच जागेतून बाहेर आले होते, निळे, पिवळे, पांढरे; एकही त्यापुढे नाही. सबंध वर्ग दिवाळीपासून तळ्याच्या काठी उभा.

मी केलं हे? मी?

…आई, रेवाची म्हैस कुठे गेली गं? — त्यांची दमू अंथरुणात उशीला टेकून वाचत होती, ताप होता तरी वाचत होती; हट्टी मेली, बापावर गेलेली. 'म्हैस' म्हणण्याआधी ती इवलंसं थांबायची, शब्द मोठा आहे म्हणून जणू तोंड नीट करून घ्यायची. 'रेवा तळ्याच्या काठी आली. तिनं हाक मारली. पलीकडून' — आणि तिथे पान संपत होतं. तिनं पुस्तक मिटून छातीवर ठेवलं. उरलेलं उद्या, म्हणाली. गेल्या श्रावणातली गोष्ट; ते उद्या तिला दिसलंच नाही. नंतर यजमान म्हणाले, बदली मागून घे, या खोलीत राहवत नाही. बाईंनी मागितली नाही. पोरं कशी टाकून जाऊ, असं कारण दिलं, आणि ते खरंच आहे असं इतके दिवस वाटत होतं.

पोरं! पोरं तो धडा वाचायला लागली की कुठल्या तरी एका ओळीला, कधी बायजाच्या, कधी कान्ह्याच्या आवाजाखालून तो दुसरा आवाज यायचा. 'म्हैस'च्या आधी ते इवलंसं थांबणं यायचं. रोज यायचं. आणि पान संपलं की बाई म्हणायच्या, नीट नाही झालं, पुन्हा पहिल्यापासून. पाया पक्का करतेय म्हणे! लोकांच्या लेकरांच्या तोंडून मी माझीला बोलावून घेत होते, आणि त्यापायी ही गोजरा उद्या मिठागरावर जाणार होती, गुडघाभर खाऱ्या चिखलात.

"बाई," गोटीराम म्हणाला, "तुमी गप झाल्या म्हंजी समाजलं मना. चल गो गोजरा."

"थांबा." आवाज इतका मोठा निघाला की पोरांनी पाट्यांवरून माना वर केल्या. "गोजरा, पुस्तक घे. म्हशीचा धडा. पान उलट."

"पुढचं, बाई?"

"पुढचं."

गोजरानं बापाकडे बघितलं, मग दोरा बाजूला सारून पान उलटलं. पोरं माना पुढे काढून बसली. म्हैस सापडली की नाही हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. गोजरा वाचायला लागली. अडखळत, पण वाचत होती, अक्षराला अक्षर जोडून. गोटीरामचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

मालतीबाई डोळे मिटून वाट बघत होत्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. 'म्हैस' आली आणि सरळ पुढे गेली, कुणी थांबलं नाही. गोजराच्या आवाजाखाली काहीच नव्हतं… या ओळी दमूनं कधी वाचल्याच नव्हत्या, तर त्या तिच्या आवाजात ऐकू येणार कुठून? वर्गात एकच मूल वाचत होतं. दमू श्रावणात गेली नव्हती, ती आत्ता जात होती, या पानावर, ओळीओळीनं, आणि तिला धाडणारी मीच.

आवाज थांबला. त्यांनी डोळे उघडले. गोजरा ओळीच्या शेवटावर बोट टेकवून, पुढे वाचू का म्हणून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्यामागून तिचा बाप.

वाच, एवढंच बाईंना म्हणायचं होतं.