अंड्यांची टोपली

आई गेली त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या ओदेतमावशीने, सगळ्यांच्या 'तांत ओदेत'ने, आईच्या पियानोवर काळं कापड घातलं. चाळिसावा दिवस होईपर्यंत घरात सूर निघता कामा नये, ही कैरोच्या शुब्रा मोहल्ल्याची जुनी रीत. नेव्हिनला ती मोडायची नव्हती. पण युस्तिनाची पियानोची परीक्षा रविवारवर आली होती, आणि आईच्या या शेवटच्या विद्यार्थिनीच्या घरी पियानो नव्हता.

"मी नापास होणार, अब्ला. सरळ सांगून टाका, म्हणजे रडून मोकळी होते." युस्तिना नेव्हिनला अब्ला, म्हणजे ताई, म्हणायची.

"रड नंतर. आधी बस."

नेव्हिनने तिला पियानोच्या बंद झाकणावरच बोटं चालवायला लावली. लाकडावरही कळत होतं. बोटं बिनचूक, पण सुरांची प्रत्येक ओळ शेवटाशी येऊन धाडकन आदळायची. आई आजारी पडण्याआधीही हेच रडगाणं होतं.

अशा वेळी आई काय करायची, ते नेव्हिनला माहीत होतं. आईच्या पश्चात ती बाल्कनीत गेली नव्हती. तिने दार उघडलं, खाली सोडायच्या दोरीला बांधलेल्या टोपलीत चार अंडी ठेवली.

"तांत ओदेतकडे सोड."

युस्तिनाने दोरी झरझर सोडली. खालून ओरडा आला, "अगं भवाने, अंडी फोडून पाठवा म्हणून मी सांगितलं होतं का?"

टोपली रिकामी वर आली. नेव्हिनने पुन्हा अंडी भरली. "आता श्वास सोडत दोरी सोड. शेवटी घाई नको. टेकली तरी दोरी हातातच राहू दे."

युस्तिनाने दोरी हळूहळू सोडली. मग ओदेतचा आवाज आला, "आली होय? मला कळलंच नाही!"

"आता तसंच, झाकणावर," नेव्हिन म्हणाली. यावेळी शेवटचं बोट अलगद टेकलं. पण सुराविना किती कळणार?

"नेव्हिन!" ओदेत खालून ओरडली. "अंड्यांचे हाल करून झाले असतील, तर कापड काढ."

"तांत, अजून चाळिसावा व्हायचाय."

"मला शिकवतेस? कापड मीच घातलंय, मीच काढ म्हणतेय. तुझ्या आईने, माझ्या इव्होनने, पोरीला नापास होऊ दिलं असतं का? कोणी बोललंच, तर माझ्याकडे पाठव."

नेव्हिनने कापडाची नीट घडी घातली. मग झाकण उघडलं. युस्तिनाने श्वास घेतला आणि वाजवलं. ओळ उतरत गेली. शेवटचा सूर कधी टेकला, ते नेव्हिनला कळलं नाही.

"पुन्हा," ती म्हणाली. अगदी आईसारखी.

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. युस्तिनाने टोपली सावकाश वर ओढली. आत फुटक्या अंड्यांचं ऑम्लेट होतं, गरम रोटीत गुंडाळलेलं, दोघींपुरतं.